पाण्यातल्या माणसाची नोंद

ती नव्वद फूट खोल पाण्यात ओंडका कापत होती आणि मी वर सावलीत बसून बिस्किटं खात होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. नाहीतरी ती सांगेलच, आणि तिच्या सांगण्यात बिस्किटांची संख्या वाढत जाते.

ती म्हणजे माझी बायको. पाणीपुरवठा खात्यात बावीस वर्षं पाणबुडी आहे. मी त्याच खात्यात कारकून. मला पाण्याची इतकी भीती की आंघोळीची बादलीसुद्धा मी अर्धीच भरतो. आमच्या घरात ओलं खातं तिच्याकडे आणि कोरडं माझ्याकडे.

तळ्याच्या मध्यावर दगडी विहीर आहे, काठापासून तिथवर पायपूल. तळ्याचं पाणी तिच्यात शिरतं, तळाशी लोखंडी जाळीतून बोगद्यात जातं आणि अकरा किलोमीटरवर खालच्या ठाण्याशी बाहेर पडतं. तिथे एक मोठं चाक आहे. ते रोज दुपारी चारला उघडतात, म्हणजे संध्याकाळी शहराच्या नळांना पाणी. सकाळी दहाला बंद करतात. चाक बंद असलं की विहिरीतलं पाणी गाईसारखं उभं. चाक उघडलं की सगळी विहीर बोगद्याकडे ओढली जाते. एकदा एक अख्खी होडी त्या जाळीला अशी चिकटली होती की सोडवायला दोन दिवस लागले. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायचं असतं तर चार म्हटलं असतं.

आमच्या बाजूलाही एक दरवाजा आहे, बोगद्याच्या तोंडावर वरून सोडायचा. त्या दिवशी तो खाली येईना. त्याच्या खाचेत ओंडका अडकला होता, आणि तोच काढायला ही उतरली होती. म्हणजे हिच्या आणि बोगद्याच्या मध्ये फक्त ते खालचं चाक. दुसरं काही नाही.

दुपारी बारा वाजता तपासणी झाली, मी दोरीला बांधलेला कॅमेरा पाण्यात सोडून ओंडक्याचे फोटो काढले आणि एक वाजता चाकांच्या फाइलीत नोंद केली: माणूस पाण्यात. सहापर्यंत चाक फिरवू नये.

ही चाकांची फाइल आमच्या खात्यात देवापेक्षा मोठी. पूर्वी फोनवर निरोप चालायचे. एकदा कुणीतरी सोड म्हणालं, कुणीतरी मोड ऐकलं, आणि एक महागडा व्हॉल्व्ह गेला. तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्य अधिकाऱ्यांनी, खालच्या ठाण्याचा फोनच काढून टाकला. तोंडच्या शब्दावर चाक फिरवायचं नाही आणि थांबवायचंही नाही. जे काय असेल ते सामायिक फोल्डरमधल्या त्या एका फाइलीत लिहायचं, आणि खालच्या कारकुनानं ते वाचून मगच चाकाला हात लावू द्यायचा.

खालच्या कारकुनाला मी नऊ वर्षांत पाहिलेलं नव्हतं, त्याचा मोबाइल नंबरही माझ्याकडे नव्हता. तो मला ‘वरचे’ म्हणायचा, मी त्याला ‘खालचा’. आमची सगळी ओळख शेऱ्याच्या रकान्यातली. मी नोंद केली की पाच मिनिटांत त्याचा टोमणा येणारच. मी लिहिलं होतं, आज जाळीपाशी मिशीवाला मासा आला होता, पाण्याची पातळी विचारून गेला. त्यावर त्याचा शेरा: बसायला खुर्ची दिलीत ना. नऊ वर्षं असं चाललेलं.

तर मी बिस्किटं खात होतो. शेजारी हवेचा पंप घरघरत होता. दोरवाला, म्हणजे पाणबुडीची दोरी आणि हवेची नळी सांभाळणारा गडी, कठड्याला टेकून उभा होता. पन्नाशीचा, बोलायला कंजूस.

“आज खालच्याचा टोमणा काय आहे?” त्यानं विचारलं.

“आलाच नाही अजून.”

“दोन तास झाले की.”

मी घड्याळ पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं. बिस्किट तोंडातच राहिलं.

फाइल उघडली. माझी नोंद होती तशी होती. फोल्डर उघडत होतं, सेव्ह होत होतं, सगळं जागच्या जागी. पण शेऱ्याचा रकाना कोरा. मग माझी नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या, जोडणी दाखवणाऱ्या इवल्याशा ढगाकडे गेली. त्यावर काट होती.

आमच्या विहिरीवर मोबाइलला रेंज नाही. डोंगर अंगावर आल्यासारखा उभा आहे, आवाजसुद्धा वाट विचारत बाहेर पडतो. इंटरनेट येतं ते वायरनं, एका डब्यात. वायर गेलीच तर काम अडू नये म्हणून संगणकवाल्यांनी सगळ्या फोल्डरची नक्कल आमच्या लॅपटॉपवरच ठेवून दिलेली. आम्ही तिला शिदोरी म्हणतो. इंटरनेट नसलं तरी शिदोरी सोडायची, लिहायचं, आणि परत जोडणी आली की लॅपटॉप आपला आपण मुख्य फोल्डरशी सगळं जुळवून घेतो. सोय अशी झकास की जोडणी तुटलीय हे कळतसुद्धा नाही. त्या दिवशी मला तेच कळलं नव्हतं.

“डब्याचा दिवा का बंद आहे?” मी विचारलं.

“मीच काढला. पंपाला सॉकेट नको? दुसरं जळालंय.” दोरवाला म्हणाला. “तुम्हाला सांगितलं होतं की.”

“कधी?”

“तुम्ही थापा मारत होतात तेव्हा.”

मी त्याला सांगितलं. नोंद खाली गेलेलीच नाही. नोंद या लॅपटॉपच्या पोटात आहे. खालच्याच्या पडद्यावर आपली विहीर रिकामी आहे आणि चार वाजता तो चाक उघडायला लावणार आहे.

दोरवाल्यानं सॉकेटकडे पाहिलं. मीही पाहिलं. दोघांच्या मनात एकच आलं आणि दोघांनीही ते गिळलं. डबा जागा व्हायला पाच मिनिटं घेतो. हिच्या पाठीवरची राखीव बाटली चार मिनिटांची.

विहिरीत बोलायला वायरचा फोन आहे. मी तो उचलला.

“अहो, खाताय ना? कुरकुर ऐकू येतेय,” ही खालून म्हणाली.

“ऐक. नोंद गेली नाही खाली. चाराला चाक उघडतील.”

खालची करवत थांबली.

“किती वाजले?”

“सव्वातीन.”

“मला वर यायला दीड तास लागेल. टप्प्याटप्प्यावर थांबावं लागतं, माहितीये ना?”

“माहितीये.”

“मग माझ्याशी काय बोलत बसलाय? डोंगरावर रेंज आहे. पळा.”

दोरवाल्यानं दोरी हातात घेतली. मी लॅपटॉप काखेत मारला.

डोंगरावर जायला दोनशे बारा पायऱ्या आहेत. मी मोजल्या, कारण मोजणं थांबवलं की डोक्यात जाळी येत होती. साठाव्या पायरीला छातीत भाता सुरू झाला. शंभराव्याला डोळ्यांपुढे काजवे. दीडशेच्या पुढे मी हातापायांवर चढलो असेन, साक्षीला कुणी नव्हतं. वर पोचलो तेव्हा तीन वाजून छत्तीस मिनिटं झाली होती.

मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला जोडलं. ढगावरची काट गेली, बाण गरगर फिरू लागले. आणि पहिलं काय वर चढायला लागलं? ओंडक्याचे फोटो. बेचाळीस. मोठ्या बाईंना पुरावा लागतो म्हणून मी तो ओंडका सगळ्या बाजूंनी काढला होता, नवरदेवासारखा. आता ते बेचाळीस नवरदेव एकेक करून बोहल्यावर चढत होते आणि माझी एका ओळीची नोंद त्यांच्या मागे रांगेत उभी.

तेवढ्यात मी मुख्य कचेरीत फोन लावला. मोठ्या बाईंच्या मदतनीस बाईंनी उचलला.

“बाई मीटिंगमध्ये आहेत.”

“खालच्या ठाण्याला कळवा, चाक उघडू नका. माणूस पाण्यात आहे.”

“चाकाचा निरोप फोनवर घेत नाही आम्ही. फाइलीत लिहा.”

“लिहिलंय. पोचत नाहीये.”

“मग पोचेल तेव्हा वाचतील ना,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “कोण आहे पाण्यात?”

“माझी बायको.”

“थांबा, मी चिठ्ठी आत पाठवते.” आणि फोनमध्ये संगीत सुरू झालं.

एकोणचाळीस. चाळीस. एक्केचाळीस. बेचाळीस. तीन वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी माझ्या फाइलीची पाळी आली आणि पडद्यावर एक चौकट उघडली. ही फाइल दुसऱ्या ठिकाणीही बदलली आहे. काय करायचं? माझी ठेवायची, त्यांची ठेवायची, की दोन्ही?

आता आमच्या खात्यात या प्रश्नाचं एकच उत्तर आहे. एकदा कुणीतरी माझी ठेवा म्हटलं आणि दुसऱ्याचं वर्षभराचं काम पुसलं गेलं. तेव्हापासून प्रत्येक टेबलावर कागद चिकटवलाय: शंका आल्यास दोन्ही ठेवा. सहा वर्षं तो कागद पाहून पाहून माझं बोट इतकं आज्ञाधारक झालंय की ते मला विचारत नाही. त्यानं ‘दोन्ही’ दाबलं.

दाबल्यावर कळलं काय झालं ते. मुख्य फाइल खालच्याची राहिली. माझी तिच्या शेजारी, नावापुढे माझ्या लॅपटॉपचा नंबर लागून, सावत्र पोरासारखी. ती उघडायला खालच्याला वेड लागलं होतं का? तो रोजची फाइल उघडतो.

मी ती मुख्य फाइल उघडली. दोन वाजता खालच्यानं आमच्याच ओळीत लिहिलं होतं: वरचे आज गप्प का. विहीर रिकामी धरतो. चाराला उघडणार.

मी त्याखाली लिहायला गेलो तर अक्षर उमटेना. वर पट्टी आली. ही फाइल दुसऱ्या कुणीतरी उघडलेली आहे. फक्त वाचता येईल.

दुसरा कुणीतरी म्हणजे खालचाच. आपल्या ओळीत कुणी ढवळाढवळ करू नये म्हणून तो जेवतानासुद्धा फाइल उघडी ठेवून बसतो, हे त्यानंच मला शेऱ्यात सांगितलं होतं, वर फुशारकीनं. आता तो तिथे बसला होता, अकरा किलोमीटरवर, मी जे वाचत होतो तेच वाचत, आणि मला त्याच्या खांद्याला हात लावता येत नव्हता. तीन एक्कावन्न.

फाइलीच्या आत जाता येत नाही. मग बाहेरच का लिहू नये?

फाइलीचं नाव ही काही फाइल नाही. नाव कोणीही ठेवू शकतो. मी एक कोरी फाइल केली आणि तिचं नाव ठेवलं: माणूस पाण्यात आहे चाक फिरवू नका. सेव्ह. एकाच फाइलीकडे त्याचं लक्ष जाणार नाही म्हणून तिची नक्कल केली. दोनांच्या चार, चारांच्या आठ. लोकांना नावं ठेवण्यात माझा जन्म गेला, पण इतक्या भराभर कधी ठेवली नव्हती. चौसष्ट झाल्यावर थांबलो. खालच्यानं फाइल बंद केली की मागचं फोल्डर दिसणार, आणि फोल्डरमध्ये वरपासून खालपर्यंत हेच एक वाक्य. त्याला आंधळं व्हावं लागलं असतं.

किंवा त्याला वाटलं असतं, वरच्यांची नवी थाप.

हे मनात आलं आणि मी खालीच बसलो. नऊ वर्षं मी या माणसाला मिशीवाले मासे खाऊ घातले होते. चौसष्ट फाइली म्हणजे तर माझीच लीला. कुठल्याही शहाण्या माणसानं हसून स्क्रीन बंद केली असती आणि चाकवाल्याला म्हटलं असतं, चला, उघडा.

तीन सत्तावन्नला पट्टी गेली. त्यानं फाइल बंद केली होती.

मी लगेच आत शिरून नोंद लिहिली, सेव्ह केली. या वेळी ढगावर काट नव्हती. पण तो आता पाहणार होता का, की उठून चाकाकडे गेला होता?

डोंगरावरून सगळं तळं दिसतं. रोज चाराला पाण्यावरचा पाचोळा विहिरीकडे सरकू लागतो, आम्हाला घड्याळ लागत नाही. मी पाचोळ्याकडे पाहत होतो. चार वाजले. पाचोळा स्थिर. चार वाजून एक मिनिट. विहिरीच्या उगवतीला एक पिवळा पुंजका होता. तो हलला. वारा असेल म्हणून मी बोट ओलं करून वर धरलं. वारा नव्हता.

पुंजका विहिरीकडे निघाला होता. सावकाश, ओळखीच्या वाटेनं.

मी ओरडलो असेन. खाली दोरवाला कठड्यावरून वाकलेला दिसत होता, मुंगीएवढा, दोरीला हिसके बसत होते की तोच ओढत होता ते कळत नव्हतं. लॅपटॉपकडे पाहिलं. फोल्डरमध्ये पासष्टावी फाइल उगवली होती.

वरचे ही थाप असेल तर आत्ता सांगा.

फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. नाहीतर त्यानं चारपाच लावली असती. मी लिहिलं: थाप नाही बायको आहे. दोनदा चुकलं.

पुंजका अजून सरकत होता. मग त्याचा वेग मंदावला. मग तो जागच्या जागी गोल फिरला आणि थांबला.

सदुसष्टावी फाइल आली. तीन फेरे झाले होते. बंद केलं. कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात.

तीन फेरे म्हणजे किती, हे मला ठाऊक नव्हतं. होडीला किती फेरे लागले होते ते कुणी मोजलं नव्हतं. मी लॅपटॉप तिथेच टाकला आणि दोनशे बारा पायऱ्या उतरलो. त्या मोजल्या नाहीत.

“कुठे आहे ती?”

“तीस फुटांवर. जोरात ओढ बसली,” दोरवाला म्हणाला. त्याच्या तळहातांची सालं निघाली होती. “शिडी धरून आहे म्हणते. बोला तुम्ही.”

मी फोन कानाला लावला.

“अहो, आहात का?”

“आहे.”

“माझा डावा बूट गेला.”

“जाऊ दे.”

“जाऊ दे काय? खात्याचा आहे.” तिचा आवाज थरथरत होता, आणि तो थंडीनं थरथरतोय असं दाखवायचा तिचा खटाटोप चालला होता. “पाय शिडीवरून सुटला होता. कुणीतरी खालून धरून ओढावं तसं.”

“आता बंद आहे. कुलूप लावलंय.”

“कुणी सांगितलं?”

“खालच्यानं.”

“म्हणजे परत लिहिलेलंच.”

ती अजून पंचेचाळीस मिनिटं पाण्यात थांबली, टप्प्याटप्प्यावर, नियमानं. ती पंचेचाळीस मिनिटं मी कशी काढली ते विचारू नका. पाचच्या सुमारास तिच्या डोक्यावरचा टोप पाण्याबाहेर आला. एका पायात बूट, एक अनवाणी. मी तिचा तो अनवाणी पाय दोन्ही हातांनी धरून बसलो. तिनं सोडवून घेतला नाही.

“ओंडका अर्धाच निघालाय,” ती म्हणाली. “उद्या परत उतरावं लागेल.”

“दुसरं कुणी उतरेल.”

“दुसरं कोण आहे?” ती म्हणाली. आणि खरंच कुणी नव्हतं.

त्या रात्री जेवताना तिनं उरलेली भाकरी माझ्या ताटात टाकली. मग म्हणाली, “उद्या तुम्ही विहिरीवर यायचं नाही.”

“अगं, नवीन सॉकेट बसवतायत. वायर चालू राहील. ढगाकडे मी दर मिनिटाला...”

“ढग बघायला दोरवाला आहे. तुम्ही खाली जा.”

“खाली म्हणजे?”

“चाकापाशी. मी पाण्यात असेन तोवर तिथून हलायचं नाही.”

सकाळच्या पहिल्या बसनं मी खालच्या ठाण्यावर गेलो. खालचा दारातच उभा होता. मी त्याला धिप्पाड समजत होतो, निघाला काडीसारखा, जाड भिंगांचा चष्मा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. रात्रभर झोपला नव्हता हे दिसत होतं. आम्हा दोघांनाही आधी काय बोलावं ते सुचेना. लेखी असतं तर सुचलं असतं.

“या,” तो शेवटी म्हणाला. “ते तीन फेरे. मी फोल्डर बघेपर्यंत चाकवाल्यानं सुरू केलं होतं. तुमच्या फाइली वाचून आधी मी हसलो. खोटं कशाला सांगू? हसलो आणि मग ‘पाण्यात’ हा शब्द पुन्हा वाचला. तुम्हाला विचारायला बसलो, त्यातच तिसरा झाला. आधी बंद करायला पाहिजे होतं, नंतर विचारायला.”

“मी असतो तर मीही हसलो असतो.”

चाक माणसाच्या छातीएवढं उंच, आडवं, लोखंडी. मी त्यावर चढून बसलो. चाकवाला म्हणाला, साहेब, असं बसता येत नाही. खालचा म्हणाला, बसू दे त्यांना. मग त्यानंही स्टूल आणलं आणि चाकाच्या दांड्याला पाठ लावून बसला. लॅपटॉप मांडीवर. सव्वादहाला नोंद आली, दोरवाल्याच्या आखडत्या भाषेत: माणूस पाण्यात. खालच्यानं शेऱ्यात काहीही लिहिलं नाही, फक्त पाहिलं असं लिहिलं, आणि मला वाचून दाखवलं.

लोखंड आधी गार होतं, मग ऊन आलं तसं तापलं. मी उठलो नाही. चाकवाल्यानं एकदा पाणी आणून दिलं, एकदा उशी. चार वाजले तशी मोठ्या बाईंची नोंद आली, पुरवठा पुढील सूचनेपर्यंत स्थगित. तरीही खालच्यानं किल्ली खिशातून काढली नाही.

चार चाळीसला पडद्यावर ओळ उमटली. माणूस वर. ओंडका बाहेर.

खालच्यानं चष्मा काढून पुसला. “आता उतरायला हरकत नाही,” तो म्हणाला.

“ढग बघ.”

“हिरवा आहे.”

“काल माझ्या पडद्यावरही सगळं नीटच दिसत होतं.”

तो वाद घालत बसला नाही. चाकवाला किल्लीसाठी हात पुढे करून उभा होता, त्याला त्यानं मान हलवून नाही म्हटलं. आम्ही तसेच बसून राहिलो, तिघंही, शहराचे नळ कोरडे ठेवून. वीस मिनिटं झाली असतील. माझ्या खिशातला मोबाइल वाजला. तिला धाप लागली होती, इतकी की आधी नुसता श्वासच ऐकू आला.

“अहो, डोंगरावरून बोलतेय. किती पायऱ्या आहेत हो या.”

“दोनशे बारा.”

“उतरा आता चाकावरून. लोकांना पाणी हवंय.”

मी उतरायला गेलो, तर पाय बधिर झालेले. दोघांनी मला धरून उतरवलं.